डाव्या इंडिकेटरची घाई

२०२४ च्या जुलै महिन्यात आमच्या गाडीचा डावा इंडिकेटर एकाएकी घाईने वाजू लागला. उजवीकडे वळताना डॅशबोर्डमधून नेहमीची संथ टकटक ऐकू येई. डावीकडे वळताना मात्र कोणी तरी टायपिंगच्या परीक्षेला बसले आहे असे वाटे. घड्याळ समोर ठेवून मोजले तेव्हा अर्ध्या मिनिटात उजव्याचे ४२ आणि डाव्याचे ८० च्या वर ठोके भरले. इंडिकेटरची उघडझाप मिनिटाला साधारण ६० ते १२० च्या दरम्यान असावी लागते, म्हणजे आमचा डावा इंडिकेटर मर्यादेच्या बराच बाहेर गेला होता.

एरवी मी हे दिवाळीपर्यंत लांबवले असते, पण गाडी २००९ ची, आणि सप्टेंबरमध्ये नोंदणीची १५ वर्षे पूर्ण होत होती. पुनर्नोंदणीसाठी नमुना २५ भरून, रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात गाडी प्रत्यक्ष दाखवायची होती, आणि तपासणीत दिवे पाहतातच. म्हणून मी चिपळुणातल्याच एका गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रीने मागे एक नजर टाकली, डिकी उघडलीही नाही, आणि मागचा पूर्ण टेल लॅम्प व त्याचे वायरिंग बदलावे लागेल असे सांगून साडेचार हजारांचा अंदाज दिला. माझी सारी नोकरी बँकेत व्हाउचर तपासण्यात गेली असल्यामुळे, ज्या खर्चाचे कारण कागदावर दिसत नाही तो मंजूर करायला माझा हात सहजी वळत नाही. मी ‘विचार करून सांगतो’ म्हणालो आणि घरी आलो.

आधी ही घाई कशामुळे होते ते समजून घेतले, आणि तिथेच निम्मे काम झाले. टकटक करवणारा भाग म्हणजे फ्लॅशर. जुन्या गाड्यांत त्यात दोन धातूंची जोडपट्टी असे, ती तापून वाकली की दिवा विझे आणि निवली की पुन्हा लागे. आमच्या गाडीत त्याच जागी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आहे आणि तो आपल्यातून किती वीज जाते यावर लक्ष ठेवतो. एका बाजूला पुढे २१ वॅटचा, मागे २१ वॅटचा आणि फेंडरवर ५ वॅटचा असे तीन बल्ब असतात, म्हणजे एकूण ४७ वॅट, १२ व्होल्टवर सुमारे चार अँपिअर. मागचा किंवा पुढचा बल्ब गेला की उरतात २६ वॅट, आणि वीज कमी झालेली पाहून फ्लॅशर मुद्दाम दुप्पट वेगाने चालतो, जेणेकरून आत बसलेल्या चालकाला बाहेरचा दिवा गेल्याचे कळावे. तेव्हा ही घाई म्हणजे बिघाड नव्हे, बिघाडाची वर्दी होती. चारही इंडिकेटर एकदम लावून पाहिले, तेव्हा उजवे दोन्ही नीट आणि डावीकडचा मागचा तेवढा मलूल दिसला. उजवी बाजू व्यवस्थित चालत असल्यामुळे फ्यूज आणि फ्लॅशर यांच्यावरचा संशय तिथेच संपला.

टेल लॅम्प काढणे अवघड नव्हते, फक्त घाई नडते. डिकीच्या दाराच्या कडेला दोन स्क्रू असतात. ते काढल्यावर लॅम्प बाहेरच्या बाजूला न ओढता सरळ मागे ओढायचा असतो, कारण त्याच्या बाहेरच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन खुंट्या बॉडीच्या भोकांत बसलेल्या असतात. मी आधी बाहेर ओढला आणि एका खुंटीचे टोक मोडले. सुदैवाने बुडखा शाबूत राहिला.

होल्डर पाव वळसा फिरवून काढला. बल्ब हातात धरून उजेडाकडे पाहिला, तर आतली तार अखंड होती आणि काचही काळवंडली नव्हती. खरे तर तेव्हाच माझ्या मनात शंका यायला हवी होती. पण बल्ब बदलला की झाले, ही समजूत इतकी पक्की होती की मी तो खिशात टाकून दुकान गाठले. दुकानदाराने पांढऱ्या काचेचा २१ वॅटचा बल्ब दिला. घरी येऊन पाहतो तो होल्डरमध्ये बसेना. दोन्ही बल्ब शेजारी धरले तेव्हा उमगले. पांढऱ्या बल्बच्या दोन खिट्ट्या अगदी समोरासमोर होत्या, तर आमच्या पिवळ्या बल्बच्या खिट्ट्या किंचित तिरक्या होत्या. आमच्या लॅम्पची काच पारदर्शक आहे, पिवळा रंग बल्बचाच. तिथे चुकून पांढरा बल्ब बसू नये, म्हणूनच खिट्ट्यांची जागा सरकवलेली असते. ज्यांच्या लॅम्पची काचच पिवळी असते त्यांना पांढरा बल्ब चालतो. दुसऱ्या फेरीत जुना बल्ब दाखवून तसाच पिवळा आणला, बसवला, आणि टकटक एकदम शहाण्यासारखी चालू लागली.

हे सुख दोन दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी, पावसाची मोठी सर येऊन गेल्यावर, पुन्हा तीच घाई. नवा बल्ब जाण्याचे कारण नव्हते. मी चालकाच्या जागी बसलो आणि सौभाग्यवतींना छत्री घेऊन मागे उभे केले. हेडलाइट बंद ठेवून डावा इंडिकेटर लावला आणि ब्रेक दाबला.

“अहो, पिवळा लागला की लाल मंद होतोय.”

“आता?” मी ब्रेक सोडला.

“आता पिवळ्याबरोबर लालही हळूच लुकलुकतोय. तुम्ही पाय काढलाय ना नक्की?”

पाय काढलेला होता, आणि या एका वाक्याने रोग सापडला. मागच्या लॅम्पमधले सगळे बल्ब आपापली वीज वेगवेगळ्या तारांनी घेतात, पण ती परत जाण्यासाठी त्यांना एकच सामाईक अर्थची तार असते, आणि ती बॉडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते. ती जोडणी खराब झाली की पिवळ्या बल्बमधून आलेल्या विजेला सरळ परतीची वाट मिळत नाही. मग ती शेजारच्या लाल बल्बच्या तारेतून उलटी शिरून, पलीकडच्या दिव्यांमार्गे कशीबशी पत्र्यापर्यंत पोहोचते. त्या आडवाटेवर लाल दिवा मिणमिणतो, पिवळा मलूल होतो, आणि वीज कमी पडल्यामुळे फ्लॅशरला बल्ब गेल्याचा भास होतो. नवा बल्ब दोन दिवस चालला, तो बहुधा माझ्या ओढाताणीत ती तार थोडी हलून तात्पुरती टेकल्यामुळे.

खात्रीसाठी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर काढला. इंडिकेटरवर मोजायला गेले की आकडा सारखा नाचतो, म्हणून पार्किंग लाइट लावून, सौभाग्यवतींना ब्रेकवर बसवून मोजले. एक टोक लॅम्पच्या अर्थ पिनला आणि दुसरे डिकीच्या कडीजवळच्या उघड्या धातूला लावले. जोडणी चांगली असेल तर इथे जवळपास शून्य यायला हवे, आले ३.८ व्होल्ट. मग हातभर सुटी तार घेऊन तिचे एक टोक त्याच पिनला आणि दुसरे उघड्या धातूला टेकवले, आणि इंडिकेटर लावायला सांगितला. ठोके ताबडतोब संथ झाले. तार उचलली की घाई, टेकवली की शांत. मी हे चार-पाच वेळा केले. त्यातली निम्मी वेळ केवळ मजा म्हणून होती, हे कबूल करतो.

आता तो बोल्ट शोधायचा होता. डिकीच्या डाव्या बाजूचे प्लॅस्टिकचे आवरण काढले आणि हात आत घातला, तर बोटांना मऊ, कोरडी भुकटी लागली. गाळ होता तो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा ही गाडी आमच्या अंगणातल्या उतारावर तोंड वर करून उभी होती. इंजिन वाचले, पण मागचा डावा कोपरा सर्वांत खाली असल्यामुळे डिकीत पाणी गेले. पुरानंतर गाडी दोनदा धुऊन घेतली, गालिचे वाळवले, वासही गेला; या कोपऱ्यात मात्र तळहातावर मावेल एवढा तांबूस गाळ तीन वर्षे तसाच बसून राहिला होता, आणि पावसाळ्याची दमट हवा लागली की ओल धरत होता. अर्थचा बोल्ट त्यातच रुतलेला होता. त्याचे डोके तांबेरले होते, तारेच्या लगवर, म्हणजे टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर, हिरवट-पांढरे किटण चढले होते, आणि लगच्या मानेशी तारेच्या निम्म्या काड्या तुटून उरलेल्या काळ्या पडल्या होत्या.

पुढचे काम सरळ होते. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवले, बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि चहा होईपर्यंत थांबलो. १० नंबरच्या पान्याने बोल्ट आधी अर्धा आटा आवळून मग सैल केला. थेट उलटा पिळला असता तर बहुधा तुटला असता. गाळ ब्रशने काढला, बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला. नाण्याएवढ्या जागेतला रंग पूर्ण निघायला हवा, कारण रंगातून वीज जात नाही. तारेचा खराब भाग कापत गेलो आणि आतले तांबे लालसर, स्वच्छ दिसेपर्यंत थांबलो नाही. त्यावर नवा लग दाबून बसवला, मानेवर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे उष्णतेने आकसणारी नळी, चढवून लायटरने आवळली, नवा बोल्ट दातेरी वॉशरसह घट्ट केला आणि वरून व्हॅसलिनचा जाड थर दिला. व्हॅसलिन जोडणी झाल्यावरच लावायचे. उजव्या बाजूचे आवरणही उघडून पाहिले. तिथे बोल्ट कोरा होता.

पुन्हा मोजले तेव्हा ३.८ च्या जागी ०.०४ व्होल्ट आले. दोन बल्ब, लग, वॉशर आणि स्प्रे मिळून खर्च चारशे रुपयांच्या आत राहिला, आणि त्यातला एक बल्ब तर माझ्या उतावळेपणाचा होता. बॅटरी सोडल्यामुळे डॅशबोर्डवरचे घड्याळ एकवर आले, ते लावायला मात्र मला इंडिकेटरच्या निदानापेक्षा जास्त त्रास झाला.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीला गेलो. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी चासी क्रमांक बराच वेळ पडताळला. दिव्यांना त्यांनी अर्धे मिनिटही दिले नाही. डावा, उजवा, ब्रेक, हेडलाइट, आणि ‘घ्या पुढे’. परतताना हातखंब्याच्या तिठ्यावर चिपळूणकडे वळायला डावा इंडिकेटर लावला, तर पुढे ट्रकांची रांग अडकलेली. आम्ही थांबलो. सौभाग्यवतींनी न सांगता रेडिओ बंद केला, मनगटावरचे घड्याळ समोर धरले आणि पंधरा सेकंदांनी हात खाली घेतला.

“एकवीस,” त्या म्हणाल्या. “चला, पुढे जागा झाली.”