पांढऱ्या पट्ट्यावरून प्रभादेवी

माझे आजोबा माळकरी. आळंदीहून निघाले की पंढरपूरपर्यंत पायी. माझी वारी त्यामानाने अगदीच शहरी: बोरिवली ते सिद्धिविनायक, अंगारकीच्या आदल्या रात्री, एस. व्ही. रोडने, अनवाणी. अंतर २४-२५ किलोमीटर. तीही उसनी. मुलगा पोलीस भरतीत लागू दे म्हणून नवस बोलली ताई, तिचे गुडघे गेलेले, म्हणून पाय माझे. नवस खरं तर काम झाल्यावर फेडायचा असतो. ताईने आगाऊच फेडायला काढला.

सोबत भाचा होता. रात्री दहाला निघालो.

तयारी मी केली होती हो. महिनाभर रोज पाऊण तास गच्चीवर चालले. मालाड मागे पडेपर्यंत मीच त्याला ‘चल पटापट’ म्हणत होते. जोगेश्वरीला तळव्यांची आग व्हायला लागली आणि अंधेरीत, साधारण एक वाजता, डाव्या चवड्याला टपोरा फोड आलेला दिसला. गच्चीवर मी बूट घालून चालले होते. दम टिकला, पोटऱ्या टिकल्या, पण कातडीला कोणी शिकवलंच नव्हतं.

भाच्याने पाठीवरच्या पिशवीतून खोबरेल तेल आणि चिकटपट्टी काढली. “मी महिनाभर एक दिवसाआड कंपाउंडमध्ये अनवाणी चालत होतो, मावशी. तुला सांगायला हवं होतं.” हवंच होतं, गाढवा!

एका मंडळाच्या टेबलापाशी राजगिऱ्याचा लाडू खात टेकले होते, तिथे दहिसरला भाजी विकणाऱ्या एक आजी भेटल्या. सत्तरीच्या असाव्यात. दर अंगारकीला चालतात. माझी पावलं बघून म्हणाल्या, “पेव्हर ब्लॉकवर कशाला चालतेस, बाई? ते सोलून काढतात. रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा धर, तो गुळगुळीत असतो.” आणि निघूनही गेल्या. पार्ल्यापर्यंत त्यांचं लुगडं पुढे दिसत होतं, मग तेही नाही.

पट्टा धरला. खरंच फरक पडला. गाडी आली की बाजूला, गेली की परत पट्ट्यावर.

सांताक्रूझ ते वांद्रे आम्ही गेल्या भरतीबद्दल बोललो. घरात तो विषय निघाला की ताई डोळे पुसते, म्हणून तो टाळतो. ग्राउंडचे ५० गुण, लेखीचे १००. ग्राउंडमध्ये १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं तर पैकीच्या पैकी, आणि सरावात त्याचं ते बसत होतं. त्याच्या ग्राउंडच्या आदल्या रात्री पाऊस पडला. चिखलात पाय रुतले. त्याच्या ग्राउंडच्या दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि त्या दिवशी धावलेला, त्याच्याच ग्रुपमधला, रोज त्याच्या मागे राहणारा पोरगा पुढे निघून गेला. यादीत हा दोन गुणांनी राहिला.

“नशीबच फुटकं,” मी म्हटलं. आमच्या घरात हे वाक्य वर्षभर चालू आहे.

तो जरा वेळ गप्प चालला. “पाऊस माझ्या हातात नव्हता, मावशी. पण मी चिखलात एकदाही धावलो नव्हतो. पाऊस आला की सुट्टी घ्यायचो.” ह्या पावसाळ्यात ताई ओरडत असताना तो भर पावसात नॅशनल पार्कला का जायचा, ते मला माहीमच्या कॉजवेवर कळलं. तिथे मिठी नदीचा वास आणि वारा, दोन्ही एकदम अंगावर आले.

गोळ्याचीही तीच कथा. ७.२६० किलोचा गोळा तो नुसत्या दंडाच्या जोरावर फेकायचा. मांडी आणि कंबर लावायला शिकायला चार महिने गेले.

पावणेपाचला रांगेत उभे राहिलो. १८०१ साली हे देऊळ बांधायला देऊबाई पाटील या बाईंनी पैसा दिला. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. दुसऱ्या बायकांची कूस उजवावी म्हणून बांधवलं, असं सांगतात. दुसऱ्याच्या लेकरासाठी ताटकळताना मला त्या बाई फार जवळच्या वाटल्या. फोड फुटला होता. ते एक सोडा.

गाभाऱ्यासमोर जेमतेम चार सेकंद मिळाले. ताईने पढवलेलं मागणं – नोकरी लागू दे, पोस्टिंग मुंबईतच मिळू दे, बरंच काही – सगळं विसरले. तोंडातून एवढंच निघालं, “त्याच्या ग्राउंडच्या दिवशी पाऊस नको.”

बाहेर येऊन चपला घातल्या. त्याने विचारलं काय मागितलं, मी सांगितलं.

“अगं काय हे, मावशी,” तो कपाळाला हात लावून म्हणाला, “पडू दे की! बाकीचे घसरतील.”