आगरवाड्याचं मीठ आणि गोल्डफिशची पिल्लं

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतरची पहाट. गोव्यात डिचोलीतल्या आमच्या घरामागच्या सिमेंटच्या टाकीत पाणी सारखं खळबळत होतं. गोल्डफिशचा नर मादीच्या मागे लागला होता. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर चारपाच दिवस विणीच्या काळातले बारीक पांढरे ठिपके दिसत होतेच. ऊन चढेपर्यंत जलपर्णीच्या मुळांना राजगिऱ्याएवढी पारदर्शक अंडी चिकटली. गोल्डफिश स्वतःचीच अंडी खातात, म्हणून मुळं अलगद उचलून काचेच्या टाकीत ठेवली आणि पाणीही सिमेंटच्या टाकीतलंच घेतलं. जी अंडी पांढरी पडली ती चिमट्याने काढत राहिले, नाहीतर त्यांची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर जाते.

तिसऱ्या दिवशी पिल्लं बाहेर आली. दोन काळे डोळे आणि मागे केसाएवढी शेपटी, बस. दोन दिवस ती काचेला नुसती चिकटून असतात. तेव्हा काहीही खायला घालायचं नाही, त्यांची शिदोरी पोटाखालच्या पिशवीत असते. मग ती वर येऊन हवा घेतात आणि पोहू लागतात. वर यायला सोपं जावं म्हणून मी पाणी वीतभरच ठेवते.

गेल्या वर्षी याच टप्प्यावर मी उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घातला होता. चिमूटभरच, पण खाऊन उरलेला तळाशी कुजला, पाणी दुधाळ झालं आणि दोन रात्रींत जवळजवळ सगळी पिल्लं गेली. ती टाकी धुवायला मला आठवडाभर हात लावता आला नाही.

म्हणून यंदा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. मे महिन्यात आगरवाड्याच्या मिठागरातलं खडेमीठ घरात भरलेलं होतंच. लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम मीठ, पाव चमचा आर्टेमियाची अंडी, खालून हवेची नळी. आपल्या हवेत दिवसभरात ती फुटतात. हवा बंद करून बाटलीच्या एका बाजूला बॅटरी धरली की केशरी ठिपके उजेडाकडे गोळा होतात. पंचाच्या तुकड्यात गाळून, गोड्या पाण्याने धुऊन घालायचे. पिल्लांचं अंग इतकं पारदर्शक की पाच मिनिटांत पोट केशरी झालेलं दिसतं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

आमच्या बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी जांभ्या दगडातलं, म्हणून आंबटसर. गोल्डफिशला ते मानवत नाही. तो आंबटपणा कमी करायला तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, जाळीच्या पिशवीत घालून स्पंजच्या फिल्टरजवळ ठेवल्या आहेत. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलते, नळीच्या तोंडाला फडकं बांधून, नाहीतर पिल्लं ओढली जातात. पावसात वीज गेली की बॅटरीवरचा पंप लावायला रात्री उठावं लागतं. उठते.

आज पाचवा आठवडा. पिल्लं नखाएवढी झालीत, पण अजून मातकट. रंग बदलायला दोनतीन महिने लागतात, काही तर जन्मभर तशीच राहतात. सासूबाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन टाकीपाशी उभ्या राहतात आणि विचारतात, “हीं तांबडीं केन्ना जातलीं गो?” (ही लाल कधी होणार गं?) शेजारच्या मुलाला दोन पिल्लं हवी आहेत. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, कधीच सोडणार नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. चतुर्थीनंतर देईन.