लेकाच्या अंगठ्याचं रुतलेलं नख : माझा अनुभव

कोकणात हे दुखणं पावसात जोर धरतं. शाळेचे बूट सकाळी भिजतात आणि सुटेपर्यंत पायातच राहतात. कातडी भिजून मऊ पडते, नखाच्या कडेवर चढते. त्यात नखाचा कोपरा गोल कापलेला असला, की वाढणारं टोक थेट मांसात शिरतं. लेकाचं तसंच झालं.

नुसती लाली आणि ठणका असेल, पू नसेल, तर घरी निभावतं. सोसेल इतक्या कोमट पाण्यात पाय 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीनदा. मीठ घातलं नाही तरी चालतं. नख मऊ होणं महत्त्वाचं. पाय कोरडा करून कडेचं मांस बोटाने नखापासून हळूच बाजूला ओढायचं आणि कापसाचा अगदी बारीक पिळा कोपऱ्याखाली सरकवायचा. पहिल्या दिवशी तो जेमतेम टेकतो, तेवढं पुरे. जोर केला तर मूल पुन्हा पायाला हात लावू देत नाही. पिळा रोज बदलायचा, भिजला तर लगेच. चुना-हळद मुळीच नको, चुन्याने कातडी भाजते.

रुतलेला कोपरा खोल कापायचा मोह आवरा. लगेच बरं वाटतं, पण कातडीखाली नखाचा काटा उरतो आणि वाढताना पुन्हा टोचतो. नख आडवं सरळ कापायचं, कोपरे कातडीबाहेर दिसले पाहिजेत.

पू आला, किंवा कडेला लालभडक, सहज रक्त येणारं मांस वाढलं, की डॉक्टर गाठा. नख आत टोचत असेल तोवर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. आमच्याकडे वेळ तिथपर्यंत आली. अंगठ्याच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंनी भुलीचं इंजेक्शन देतात. सगळ्यात जास्त दुखतं ते हेच, मुलाला आधी खरं सांगावं. मग रुतलेल्या बाजूची नखाची पट्टी मुळापर्यंत काढतात, पूर्ण नख नाही. तिथे परत उगवू नये म्हणून मुळाला फिनॉल, म्हणजे मूळ जाळणारं रसायन, लावतात. त्यानंतर काही आठवडे जखमेतून पाणी पाझरतं, त्याला घाबरू नका. ठणका वाढत गेला, लाली बोटावरून वर पसरली किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

जखम भरेपर्यंत शाळेत पुढून उघडी चप्पल घालू द्यावी म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी मागून घ्या. ओल्या बुटांत रात्री वर्तमानपत्र कोंबायचं आणि दुसरा जोड हाताशी ठेवायचा.