दिवसा आणि दिवशी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नागपुरातल्या इमारतीच्या फळ्यावर ‘उद्या एक दिवस पाणी बंद’ अशी सूचना लागली आणि जिन्यातच वाद झाला. शेजारच्या काकूंच्या मते सूर्य मावळला की नळ सुरू व्हायला हवा होता, तर सूचना लिहिणाऱ्या काकांच्या मनात पूर्ण चोवीस तास होते. दोघांपैकी कोणीच चुकले नव्हते, कारण ‘दिवस’ या शब्दात उजेडाचा काळही येतो आणि रात्रीसह मोजलेला पूर्ण दिवसही येतो.

मला मात्र नवल वाटते ते विभक्तीचे. मूळ शब्दाने जी संदिग्धता ठेवली ती सप्तमीने जवळजवळ मिटवली आहे: ‘दिवसा’ म्हणजे केवळ उजेडी आणि ‘दिवशी’ म्हणजे त्या तारखेला. म्हणूनच ‘त्या दिवशी रात्री पाऊस आला’ हे वाक्य कानाला मुळीच खटकत नाही. पण ‘दिवसा रात्री’ असे कोणी म्हणणार नाही. ‘दिवसातून तीनदा गोळी’ म्हटल्यावर त्यात झोपण्यापूर्वीची गोळीही बसते, तर ‘दिवसभर राबलो’ म्हणणारा माणूस बहुधा रात्र सोडूनच बोलत असतो.

हा शब्द संस्कृतातल्या प्रकाशवाचक ‘दिव्’ धातूकडे जातो. ‘दिवाकर’मधला ‘दिवा’ त्याच घरचा आहे. देवापुढे लावतो तो दिवा मात्र ‘दीप’ शब्दावरून आलेला, म्हणजे नात्याने परका. आमची आजी ‘दिस बुडाला’ म्हणायची तेव्हा तर तिच्या बोलण्यात दिस म्हणजे साक्षात सूर्यच असे.

पंचांगकर्त्यांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली असावी. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाला ते ‘दिनमान’ म्हणतात आणि रात्रीसह पूर्ण काळाला ‘अहोरात्र’; अहोरात्राच्या घटी 60, एक घटी 24 मिनिटांची. नागपुरात जूनच्या उत्तरार्धात दिनमान साडेतेरा तासांच्या जवळ पोचते आणि डिसेंबरात अकरा तासांच्या थोडे खाली उतरते. (बोलण्यात ‘दिनमान फिरले’ म्हणतो तेव्हा मात्र आपण घटी मोजत नसतो, नशीब मोजत असतो.)

काकांनी संध्याकाळी सूचना बदलली. ‘उद्या दिवसा व रात्री पाणी बंद’ असे त्यांनी लिहिले, आणि काकूंनी मुकाट्याने आणखी दोन पिंप भरून ठेवले.