काकू, अजून किती सेट?

परदेशात आल्यावर भाषेची भीती ऑफिसात महिन्याभरात मोडली, कारण तिथे बोलल्याशिवाय गत्यंतर नसतं. जिममध्ये असतं. कानात इअरबड कोंबायचे, आरशात बघायचं आणि तासाभराने एक शब्दही न बोलता घरी. मी चार महिने तेच केलं.

मला हवा असलेला बेंच (आडवं होऊन वजनाचा दांडा, म्हणजे बार, छातीवरून वर ढकलायचा तो बाक) रोज त्याच वेळी एका बाईंकडे असायचा. पांढरा बॉबकट, वय साठीपुढचं असावं. मनातल्या मनात मी त्यांना काकू म्हणायला लागले. काकू बारला दोन्हीकडे १० किलोची एकेक हिरवी प्लेट चढवायच्या. बार स्वतःच २० किलोचा, म्हणजे झाले ४०. आणि मी? रिकाम्या बारखाली धापा टाकणारी.

विचारायचं एवढंच होतं, "माफ करा, तुमचे अजून किती सेट बाकी आहेत?" भांडी घासताना हे वाक्य शंभरदा म्हणून झालं. व्याकरण चोख, उच्चार बरे. घोडं अडायचं ते 'कधी'वर. सेट म्हणजे न थांबता वजन उचलण्याची एक फेरी. ती चालू असताना बोलणं म्हणजे पाप, तेव्हा माणूस श्वास रोखून वजन पेलत असतो. सेट संपल्या संपल्या विचारावं तर धाप लागलेली. उरतात मधली दोन-तीन मिनिटं. त्यातलं पहिलं धीर गोळा करण्यात जायचं, तेवढ्यात काकू फोनमध्ये डोकं घालायच्या, आणि मी पाण्याची बाटली भरायला. इतकं पाणी मी आयुष्यात कधी प्यायले नव्हते.

एका मंगळवारी मात्र थेट समोर जाऊन उभी राहिले. (बाजूने बोलू नये. ऐकू जात नाही, माणूस दचकतो मात्र.) वाक्य म्हटलं, अख्खं, न अडखळता. काकूंनी एक इअरबड काढला.

"काय?"

दुसऱ्या खेपेला माझ्या तोंडून फक्त "सेट?" एवढंच निघालं. त्यांनी दोन बोटं दाखवली आणि इअरबड परत कानात. चार महिन्यांच्या तालमीला दोन बोटांचं उत्तर! घरी जाताना एकटीच हसत होते.

मग काही आठवडे आमचं बोटांवरच चाललं. मी भुवया उंचावायच्या, त्यांनी आकडा दाखवायचा. माझी काही तक्रार नव्हती.

एक दिवस काकूंनीच मला हाताने बोलावलं. बारवर ४५ किलो होते. "स्पॉट देशील?" स्पॉट म्हणजे आपण जिममध्ये सपोर्ट म्हणतो तोच: उचलणाऱ्याच्या डोक्याशी उभं राहायचं आणि बार अडकला तर सावरायचा. हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. उगाच हो म्हणून चुकले असते, तर एवढं वजन त्यांच्या गळ्यावर आलं असतं. "मी कधी दिलेला नाही," म्हणाले. हे वाक्य मात्र घरून घोकून आणलेलं नव्हतं.

काकूंनी दोन्ही इअरबड काढले. माझे हात धरून बारखाली कुठे ठेवायचे ते दाखवलं: जवळ, पण न टेकवता. बार वर जातोय, कितीही हळू का असेना, तोवर हात लावायचा नाही. थांबला किंवा खाली यायला लागला की उचलायचा. आधी किती रेप्स करणार, म्हणजे बार किती वेळा उचलणार, ते विचारून घ्यायचं, आणि स्टँडवरून बार काढून देताना तीनपर्यंत मोजायचं. एकटीने बेंच करशील तेव्हा बारला क्लिप (प्लेटा सरकू न देणारा चिमटा) लावू नकोस, असंही म्हणाल्या. अडकलीसच तर बार एका बाजूला कलवून प्लेटा पाडता येतात. मी मात्र प्लेटा चढवल्या की क्लिपा घट्ट लावत होते.

त्या आडव्या झाल्या. मी मोजायला लागले आणि घाबरल्यामुळे तोंडून आपसूक मराठीच आलं: एक, दोन, तीन. काकूंनी तीनला बरोबर बार उचलला.

आता आम्ही आठवड्यातून तीनदा बोलतो. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं मला ठाऊक आहे, माझ्या व्हिसाचं रडगाणं त्यांना. फक्त नाव विचारायचं राहून गेलं, आणि आता इतक्या दिवसांनी विचारणार कुठल्या तोंडाने? परवा निरोप घेताना "बाय, काकू" असं निसटलंच. त्या थबकल्या, त्याचा अर्थ विचारला, आणि मी पाणी भरायला पळाले.