तुम्ही विचारलंत म्हणून : बुटाची नाडी

"पण घरी जाऊन नीट तयारी करून का नाही निघाला हा माणूस?"

आमच्या वाचनगटात 'द अनलाइकली पिल्ग्रिमेज ऑफ हॅरॉल्ड फ्राय' घेतली, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच एका काकांनी हा प्रश्न टाकला. पुढे मी ज्यांना ज्यांना ही कादंबरी वाचायला दिली, त्यांतल्या बहुतेकांनी तोच विचारला. दर वेळी मी काहीतरी अर्धवट बोलले. परवा एका मैत्रिणीनं पुन्हा विचारलं, म्हणून आता सविस्तर लिहिते. कादंबरीतल्या गोष्टी फोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही. तेव्हा ज्यांना ती कोरी वाचायची आहे, त्यांनी आधी ती वाचून घ्यावी.

रेचल जॉइस यांची ही पहिली कादंबरी, २०१२ सालची. त्याच वर्षी ती बुकर पुरस्काराच्या लाँगलिस्टमध्ये, म्हणजे पहिल्या यादीत होती. मुळात त्यांनी हे रेडिओ नाटक म्हणून लिहिलं होतं, वडील कर्करोगानं शेवटच्या दिवसांत असताना. हॅरॉल्ड फ्राय ६५ वर्षांचा, ब्रुअरीतल्या, म्हणजे बिअरच्या कारखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झालेला. इंग्लंडच्या दक्षिणेला, डेव्हनमधल्या किंग्सब्रिज गावात बायकोबरोबर, म्हणजे मॉरीनबरोबर राहतो. दोघांच्या खोल्याही वेगळ्या. एके सकाळी क्वीनी हेनेसी या जुन्या सहकारी बाईंचं पत्र येतं. कर्करोग आहे, पार उत्तरेला, बेरिक-अपॉन-ट्वीडच्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या ठिकाणी आहे, निरोप घेते. हॅरॉल्ड दोन ओळींचं उत्तर लिहितो आणि ते पेटीत टाकायला बाहेर पडतो. पेटी येते, पण पत्र टाकायला हात धजत नाही. पुढच्या पेटीपर्यंत जाऊ म्हणतो. मग त्याच्या पुढच्या. पेट्रोल पंपावरच्या एका मुलीशी दोन शब्द बोलणं होतं आणि तो ठरवून टाकतो की चालतच जायचं, आणि आपण चालतोय तोवर क्वीनीनं जगायचं. पायात बोटीवर घालायचे पातळ बूट, मोबाइल घरी राहिलेला, नकाशा नाही. ८७ दिवस, ६२७ मैल.

हिशेबात मुरलेल्या त्या काकांनी लगेच आकडेमोड केली. दिवसाला साधारण साडेअकरा किलोमीटर. "हे काही फार नाही," ते म्हणाले. "एक दिवस कुणीही चालेल." मग थोडं थांबून स्वतःच म्हणाले, "दुसऱ्या दिवशी उठून पुन्हा चालायचं, ते अवघड." आणि त्यातूनच त्यांचा राग वाढला. एवढं अवघड काम आहे तर माणूस घरी जाईल, बूट बदलेल, औषधं घेईल, बायकोला सांगेल. हे धाडस नाही, बेजबाबदारपणा आहे. त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंनी मॉरीनची बाजू उचलून धरली. मागे राहिलेल्या बाईनं शेजाऱ्याला काय सांगायचं? नवरा पाय दुखावून वर झोपलाय, अशी थाप मारावी लागते तिला. त्या बोलत होत्या मॉरीनबद्दल, पण आवाजात त्यांचं स्वतःचंच काहीतरी होतं. आम्ही विचारलं नाही.

कर्करोग चालून बरा होत नाही, हा आक्षेपही आला. तो कादंबरीवर मुळीच घेता येत नाही. क्वीनी मरते. हॅरॉल्ड पोचतो तेव्हा तिला बोलताही येत नसतं. गाठीनं तिचा चेहरा ओळखू येऊ नये इतका बदललेला असतो. लेखिकेनं वाचकाला इतक्या सरळपणे नाही म्हणून सांगितलं आहे, याचा मला आदर वाटतो. वाटेत हॅरॉल्डबरोबर चालायला लागणाऱ्या लोकांचा मधला भाग मात्र आमच्या गटात जवळजवळ कुणालाच आवडला नाही, मलाही नाही. तो लांबला आहे.

मग चर्चा समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रसंगावर आली.

हॅरॉल्डला चालताना जुन्या गोष्टी आठवत जातात. त्यातली एक बँटमच्या किनाऱ्यावरची. मुलगा, डेव्हिड, लहान असताना पोहत पोहत फार आत जातो. मॉरीन काठावरून हाका मारते. हॅरॉल्ड पाण्याकडे धावतो आणि कडेला थांबतो, बुटाच्या नाड्या सोडायला. तेवढ्यात लाइफगार्ड त्याच्या बाजूनं पाण्यात शिरतो आणि मुलाला बाहेर आणतो. मुलगा वाचतो. पण बाप नाड्या सोडत राहिला हे कुणीच विसरत नाही, मॉरीन नाही, डेव्हिड नाही आणि हॅरॉल्ड तर नाहीच.

आमच्या गटात एक बाई फारशा बोलत नाहीत. त्या दिवशी हा प्रसंग त्यांनी सांगितला. दोन्ही हात मांडीवर, मान खाली, आणि बोलता बोलता त्यांची बोटं दिसणार नाही इतकी हलत होती, एक पेड ओढायचा, गाठ सैल करायची. त्यांना ते कळतही नसावं. सांगून झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला पोहता येत नव्हतं असं नाही. त्याला भीती वाटली, आणि भीतीला करायला काहीतरी काम हवं होतं."

मी ही कादंबरी त्याआधी दोनदा वाचली होती. नाड्यांचा प्रसंग लक्षात होता, पण पहिल्या सकाळच्या बुटांशी मी तो कधी जोडला नव्हता. आता माझं उत्तर हे आहे : हॅरॉल्डला तयारीचा अर्थ आयुष्यात एकदा कळून चुकलेला आहे. ज्या माणसानं पाण्याच्या कडेला नाड्या सोडल्या, तो पुन्हा बूट बदलायला घरी गेला असता तर निघालाच नसता. ज्याला तुम्ही बेजबाबदारपणा म्हणता, तीच त्याच्या आयुष्यातली पहिली वेळ आहे की तो वाकला नाही, बुटांसकट आत शिरला.

एकदा हे दिसलं की बूट सगळीकडे दिसायला लागतात. एक्सेटरला एक सभ्य, रुपेरी केसांचे गृहस्थ हॅरॉल्डच्या टेबलाशी बसतात आणि कुणालाही न सांगितलेलं सांगून टाकतात. ते दर आठवड्याला एका तरुणाला चोरून भेटतात. त्या मुलाच्या बुटाला पुढे अंगठ्यापाशी भोक पडलंय. नवीन घेऊन द्यावेत तर तो दुखावेल का? त्यांनी सांगितलेलं बाकीचं ऐकून हॅरॉल्ड चक्रावलेला असतो, पण विचार करून तो म्हणतो की मी असतो तर घेऊन दिले असते. मला हा कादंबरीतला सर्वांत सुंदर सल्ला वाटतो. मग मार्टिना येते, स्लोव्हाकियाची डॉक्टर, जिला इंग्लंडमध्ये संडास धुण्याचंच काम मिळतं. ती त्याचे फोड आलेले पाय धुते, फोड फोडते, पट्ट्या लावते. ज्याला आपल्या मुलाला कवेत घेणं कधी जमलं नाही, तो तिच्या हातात पाय देऊन मुकाट बसतो.

डेव्हिडनं वीस वर्षांपूर्वी आत्महत्या केली, हे आपल्याला फार उशिरा कळतं. तोवर मॉरीन त्याच्याशी बोलत असते आणि आपण समजतो की मुलगा कुठंतरी राहतो. त्या दुःखात हॅरॉल्ड ब्रुअरीतल्या साहेबाच्या काचेच्या बाहुल्या फोडतो, आणि तो आळ क्वीनी स्वतःवर घेते. तिची नोकरी जाते. हॅरॉल्ड तिचे आभारही मानत नाही. दोन ओळींचं उत्तर पेटीत का टाकवलं नाही, ते इथं कळतं. किनाऱ्यावर आणि ब्रुअरीत, दोन्हीकडे वेळ आली तेव्हा पुढे दुसरंच कुणीतरी गेलं होतं.

काका हे सगळं ऐकत होते. त्यांना पटलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी पुस्तक पुन्हा सुरुवातीला उघडलं आणि पत्र येतं ती सकाळ मनातल्या मनात वाचायला लागले. आम्ही थांबलो.

"इथं मॉरीन घरातच आहे," ते शेवटी म्हणाले. "हा परत आला असता तर तिनं म्हटलं असतं, बूट तरी बदला. आणि हा खाली वाकला असता."