सर्व्हरनं नकार द्यावा, पण कारण सांगून

परभणीत आमच्या लॅबमधल्या पीसींना हार्ड डिस्कच नाही. सगळे एनबीडीवरून (नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे सर्व्हरवरची डिस्क नेटवर्कवरून वापरायची पद्धत) सर्व्हरवरच्या एकाच इमेजवर, म्हणजे डिस्कच्या फाइलवर, चालतात. मध्यंतरी कुणीतरी सर्व्हरवर त्या एक्स्पोर्टचं, म्हणजे सर्व्हर पीसींना पुरवतो त्या डिस्कचं, नाव बदललं आणि सकाळी सगळी लॅब बूट होता होता अडकली. स्क्रीनवर एवढंच, कनेक्शन बंद. असिस्टंटनं केबली हलवून पाहिल्या, मग विचारलं, "सर, स्विचच गेलं का वो?" स्विच ठणठणीत होतं.

हा दोष नेगोशिएशनच्या, म्हणजे जोडणीआधी दोघांनी अटी ठरवायच्या, जुन्या पद्धतीचा. क्लायंट, म्हणजे इथे लॅबमधला पीसी, पर्याय क्रमांक 1, म्हणजे एक्स्पोर्ट नेम, पाठवतो. नाव ओळखीचं असेल तर सर्व्हर 8 बाइटांत डिस्कचा आकार, 2 बाइटांत फ्लॅग (डिस्कवर काय काय करता येईल त्याच्या खुणा) आणि वर 124 बाइट नुसती शून्यं पाठवतो. (ती शून्यं नकोत म्हणून पुढे वेगळा फ्लॅग आणावा लागला!) नाव ओळखीचं नसेल तर? या पर्यायाला एरर कळवायची सोयच नाही. सर्व्हर कनेक्शन तोडून मोकळा होतो. नाव चुकलंय की नेटवर्क गेलंय, क्लायंटनं ओळखायचं कसं?

म्हणून एनबीडीच्या स्पेसिफिकेशनमध्ये नंतर आलेले 'इन्फो' (पर्याय 6) आणि 'गो' (पर्याय 7) मला फार मोलाचे वाटतात. इन्फो फक्त चौकशी करतो. गो चौकशी करून थेट डेटाच्या टप्प्यात शिरतो. नाव चुकलं, टीएलएस (एन्क्रिप्टेड कनेक्शन) हवं आहे, ब्लॉक साइज (डेटाच्या तुकड्याचा आकार) आधी ठरवा, प्रत्येकाला वेगळा एरर. कनेक्शनही शाबूत राहतं, त्यामुळे तिथेच दुसरं नाव विचारता येतं.

त्यातला एक नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. इन्फोला होकार दिला आणि मधे दुसरं काही ठरलं नाही, तर त्याच तपशिलाच्या 'गो'ला सर्व्हरनं नकार द्यायचा नाही. हा शब्द पाळला जाणार नसेल तर आधी चौकशी करण्यात अर्थ काय?

जुना सर्व्हर 'गो' समजत नसेल तर तसं कळवतो आणि क्लायंट पर्याय 1 वर येतो. ते रास्तच आहे. मात्र अशी माघार लॉगमध्ये नोंदलीच पाहिजे, नाहीतर पुढे कनेक्शन का तुटलं ते कुणाला कळणार नाही. शिवाय एररसोबत माणसाला वाचता येईल असा यूटीएफ-8 मजकूर पाठवायची मुभा आहे. तो रिकामा ठेवू नका. मराठीतही चालतो.